कल्चर टेस्ट फालतू? त्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की कल्चर टेस्ट (रक्त-लघवीसारख्या सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, रिपोर्ट येईस्तोवर पेशंट बरा झालेला असतो, अँटिबायोटिकची शरीराला सवय होते एवढंच, आणि रेझिस्टन्सचे (म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याचे) आकडे म्हणजे उगाच घाबरवणं. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते सवयीचं. सवय शरीराला होत नाही हो, बदलतात ते जंतू. तुम्ही ते औषध आयुष्यात कधी घेतलं नसेल तरी दुसऱ्याकडून आलेला रेझिस्टंट जंतू पहिल्याच डोसला दाद देणार नाही. आणि रेझिस्टन्सचे जीन्स एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊन टाकतो, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा.

उशीर होतो हे अर्धं खरं, जंतू वाढायला वेळ लागतोच. पण तोवर कोणी हातावर हात ठेवून बसत नाही. ब्लड कल्चरची बाटली मशीनमध्ये असते, जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीन सिग्नल देतं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, ग्राम स्टेन करून (जंतूंना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघून) वॉर्डला फोन जातो. टीबीमध्ये तर जीन शोधणारी टेस्ट आहे, दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का दोन्ही कळतं, डब्ल्यूएचओने २०१० मध्येच तिला मान्यता दिलीय.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक तापाला कल्चर लागत नाही, व्हायरल सर्दीला तर नाहीच, हे मान्य. पण एकदा सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कुठलं औषध त्या जंतूवर चालतं ते दाखवणारी प्लेट बघा. जंतूंचा पातळसा पांढुरका थर, त्यावर औषधांच्या छोट्या छोट्या कागदी डिस्क, काहींभोवती स्वच्छ गोल रिंगण, म्हणजे तिथे जंतू वाढला नाही, आपण ते रिंगण मिलिमीटरमध्ये मोजतो. आणि एखाद्या डिस्कला जंतू अगदी चिकटून वाढलेला असतो, नेमकं तेच औषध पेशंटला दोन दिवस चालू असतं. अशा वेळी फोन उचलताना पोटात गोळा येतो.

आता आकडे. एका मोठ्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टंट बॅक्टेरियामुळे झाले. हे आकडे अशाच प्लेट्सवरून गोळा होतात, आणि सिरियस पेशंटला रिपोर्टआधी डॉक्टर अंदाजाने जे औषध सुरू करतात ना, तो अंदाजही आधीच्या पेशंट्सच्या रिपोर्टवरूनच बांधलेला असतो. जंतूंवर अशी पाळत ठेवल्याचा फायदा बघा, २०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्यात पोलिओचा व्हायरस सापडला, लकवा झालेला एकही पेशंट नसताना, म्हणून वेळेत मुलांना डोस देता आले. पाळत ठेवायची ती यासाठी.

अजून एक, सॅम्पल शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायला सांगा. नंतर घेतलं की कधी कधी जंतू अंगात असूनही बाटलीत वाढत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि लोक म्हणतात बघा, टेस्टच फालतू.