हिमालय आहे म्हणून भागत नाही

आपल्या मुलींच्या आइस हॉकी संघाने जून २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं, तेव्हा मी ज्याला त्याला ते सांगत सुटले होते. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया होती, "आपला असा संघ आहे?" आणि स्पर्धा अल ऐनला झाली म्हटल्यावर दुसरी, "अमिरातीत? वाळवंटात आइस हॉकी?"

हो, वाळवंटात. जूनमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा आणि आत शुभ्र, काचेसारखा बर्फ. या दुसऱ्या प्रश्नावरच मला लिहायचंय, कारण आपली सगळी गल्लत तिथे आहे.

आपल्याला वाटतं, बर्फ पडतो तिथे बर्फावरचे खेळ होतात. स्कीइंगपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण आइस हॉकीचा आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी आज जवळजवळ काही संबंध उरलेला नाही. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं टाकतात, त्यातून गोठणबिंदूच्या खूप खाली थंड केलेला द्रव सतत फिरवतात, वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात. जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ. लांबी ६० मीटर, रुंदी २६ ते ३० मीटर, कडेने कमरेच्या वर येणारी भिंत, म्हणजे बोर्ड. वीज आणि पैसा असेल तर ही रिंक कुठेही होते. म्हणून फिलिपिन्ससारख्या देशात, जिथे बर्फ पडतच नाही, मनिलाच्या मॉलमध्ये पूर्ण मापाची रिंक आहे. तिथल्याच मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग शिकलेला मायकेल मार्टिनेझ २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगला उतरला होता. तेहरानच्या एका मॉलमध्ये अशी रिंक झाली आणि इराणच्या मुली बघता बघता आशियातल्या चांगल्या संघांत गणल्या जाऊ लागल्या.

आणि आपण? आपल्याकडे हिमालय आहे. तो आहे म्हणूनच बहुधा आपण निर्धास्त राहिलो.

आपल्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलमधल्या स्पितीच्या. तिथे हा खेळ रुजला तो गोठलेल्या तळ्यांवर. सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांना पाती ठोकून लोक खेळत. आता बूट-स्टिक बरे मिळतात, पण तळं तेच. ते गोठतं डिसेंबरच्या आसपास, आणि फेब्रुवारीत बर्फ मऊ पडायला लागतो. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. हिवाळे उबदार होत चाललेत, तसे तेही कमी होतायत. बर्फाचा थर वाढावा म्हणून कडाक्याच्या रात्री माणसं तळ्यावर पाणी सोडत बसतात.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी लेहला गेले होते, तेव्हा एका सकाळी हा सराव जवळून बघितला. सूर्य अजून डोंगराआड होता. मुली आल्या त्या स्टिकबरोबर फावडी घेऊन. रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ आधी त्यांनीच ढकलून कडेला लावला. मग एक जण हातमोजे काढून बुटाची नाडी आवळत बसली. मोजे घालून ती नाडी घट्ट बसत नाही आणि सैल राहिली तर घोटा वळतो. दोन-तीन घरं आवळायची, बोटं काखेत घालून गरम करायची, पुन्हा आवळायची. खेळ सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला पक, म्हणजे या खेळातली रबराची चकती, सटकून बर्फाच्या ढिगात गेला. दोघी-तिघी स्टिकने ढीग उकरत होत्या, बाकीच्या थांबलेल्या. हे पुन्हा पुन्हा होत होतं. ऊन चढल्यावर मुलग्यांचा संघ आला आणि यांना जागा सोडावी लागली.

मला तेव्हा कौतुक वाटलंच. पण नंतर हा खेळ नीट समजून घेतला तेव्हा कळलं की त्या ढिगात फक्त पाच मिनिटं जात नव्हती, खेळच जात होता. आइस हॉकीत बोर्ड हा खेळाचा भाग असतो. पक बोर्डवर आपटून कुठल्या कोनात परत येईल याचा अंदाज घेऊन पास दिला जातो, प्रतिस्पर्ध्याला बोर्डपाशी कोंडून पक काढून घेतला जातो. धड बोर्डच नसलेल्या तळ्यावर वाढलेल्या मुलीला हे कोण शिकवणार? दुसरं, खेळाडू पूर्ण ताकदीने पाऊण-एक मिनिट खेळतात आणि चालू खेळातच बाकावर येतात, त्यांच्या जागी दुसरी फळी उतरते. यात एक जरी खेळाडू जास्त झाली तरी संघाला दोन मिनिटांची शिक्षा. ही अदलाबदल अंगवळणी पडायला खरा बाक, खरं मैदान आणि शेकडो तास लागतात. मग आपली राष्ट्रीय शिबिरं कुठे होत होती? गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये, पूर्ण मापाच्या मैदानापेक्षा कितीतरी लहान रिंकवर. तिथे पाच ढांगांत गाठलेली निळी रेषा परदेशात दुपटीने लांब लागते. पकच्या आधी ती रेषा ओलांडून पुढे गेलं की ऑफसाइड, त्यामुळे तो सगळा हिशेब त्या रेषेवर चालतो.

२०१६ मध्ये तैपेईला हा संघ पहिल्यांदा चॅलेंज कप ऑफ एशियामध्ये उतरला. त्या दौऱ्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय. राष्ट्रगीत वाजलं तेव्हा त्या मुली हमसून रडत होत्या. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायजर लेहला आली. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली ही बाई, महिला आइस हॉकीत तिच्यापेक्षा मोठं नाव क्वचितच सापडेल. ती साहित्य घेऊन आली, मुलींबरोबर तळ्यावर खेळली आणि मग त्यांना कॅलगरीला बोलावून घेतलं. आयटीबीपीने, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने, महिलांचा संघ उभा केला, त्यामुळे काही जणींना नोकरी आणि खेळ दोन्ही मिळालं, हे मी आवर्जून नोंदवते. अशा दहाएक वर्षांच्या धडपडीनंतर अल ऐनचं कांस्य आलं.

त्यावर समाजमाध्यमांवर जो शब्द सगळ्यात जास्त फिरला तो 'चमत्कार'. मला तो आवडला नाही. चमत्कार म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही, हात जोडले की झालं. शिवा केशवनच्या बाबतीत आपण अगदी हेच केलं. हा मनालीचा मुलगा १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये, म्हणजे स्लेजवर उताणं झोपून बर्फाच्या ट्रॅकवरून सुसाट उतरण्याच्या खेळात, उतरला आणि २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. देशात ल्यूजचा ट्रॅक नाही म्हणून स्लेजला चाकं लावून तो घाटातल्या डांबरी रस्त्यावरून, ट्रक-बसमधून वाट काढत सराव करायचा. त्याचे ते व्हिडिओ आपण हौसेने एकमेकांना पाठवले. तो निवृत्त झाला, पण ट्रॅक काही झाला नाही. सोचीला तर आपली ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे उद्घाटनाच्या संचलनात त्याला तिरंगाही हातात घेता आला नाही. निलंबन स्पर्धा चालू असताना उठलं, पण तोवर त्याची शर्यत होऊन गेली होती. हे आठवलं की आजही माझा संताप होतो.

'मूलभूत सुविधा हव्यात' एवढं म्हणून मी थांबणार नाही, कारण एक सुविधा आपल्याकडे होती. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी पूर्ण मापाची बंदिस्त रिंक बांधली गेली. स्पर्धा झाली आणि पुढे काही काळातच रिंक बंद पडली. ज्या वर्षांत आपल्या मुली मॉलमध्ये सराव करत होत्या आणि परदेशवारीसाठी पैसे जमवत होत्या, त्या सगळ्या वर्षांत ही वास्तू तशीच उभी होती! बर्फाची रिंक धर्मशाळेसारखी कुलूप लावून ठेवता येत नाही. यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात, विजेचं बिल दरमहा भरावं लागतं, जाणकार माणसं पगारावर ठेवावी लागतात. बांधकामाला पैसे मिळतात कारण फीत कापता येते. बिल भरण्याचा समारंभ होत नाही.

ती रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. लेहमध्येही आता कृत्रिम बर्फाची रिंक आहे. मला मनापासून आनंद आहे, आणि तितकीच धास्तीही.

कुणी म्हणेल, मूठभर लडाखी मुलींसाठी एवढा खर्च कशाला? मूठभर आहेत कारण बर्फ मूठभर आहे. आपल्याच महाराष्ट्रात रोलर स्केट्सवर पहाटे घाम गाळणारी पोरं बघा. त्यांच्यातलीच काही बर्फावर उतरतात आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेत लेहहून पदकं घेऊन येतात. त्यांचे आईबाप सुट्ट्या साठवून, पदरचे पैसे घालून त्यांना बर्फापर्यंत नेतात. चाकांवर समतोल आणि वेग आधीच कमावलेली मुलं बर्फावर लवकर तयार होतात. फक्त थांबण्याचं तंत्र नव्याने शिकावं लागतं. पातं आडवं करून, बर्फ खरवडत, एका झटक्यात. ते वर्षातून आठ दिवसांत येत नाही. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एक पूर्ण मापाची रिंक झाली तर राष्ट्रीय संघ निवडायला आज आहेत त्याच्या कितीतरी पट मुली समोर असतील, आणि लडाखच्या मुलींना उन्हाळ्यात खेळायला प्रतिस्पर्धी मिळतील. आज त्या वर्षानुवर्षं त्याच त्या चेहऱ्यांशी खेळतायत.

तोवर माझं मागणं एवढंच आहे. देहरादूनच्या रिंकचं विजेचं बिल पुढची दहा वर्षं कोणत्या खात्यातून भरलं जाणार, हे केंद्र आणि उत्तराखंड सरकारने मिळून लेखी जाहीर करावं. आणि त्याच कागदावर महिला राष्ट्रीय संघाला तिथे वर्षाला किती आठवडे, दिवसाचे किती तास, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी बर्फ मिळणार, तेही लिहावं. मुलग्यांचा सराव संपल्यावर उरलेली वेळ चालणार नाही.