घरचे फोन बंद केल्याने पोरं कॉलेजात टिकत नाहीत

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘मुलाला घडवायचं तर घरापासून तोडा. रोज फोन करणारे आईबाप मुलांना पांगळं करतात. पहिल्या वर्षी नापास होतो तो लाडावलेला.’ नाशिकला शिकायला येणाऱ्या पोरांचं यानं नुकसान होतं, म्हणून उत्तर देतोय.

‘तोडा’ म्हणणं नवं नाही. अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९८७च्या पुस्तकात मांडलं होतं की, कॉलेजात रुजायला आधी जुन्या गोतावळ्यातून सुटावं लागतं. १९९२मध्ये विल्यम टिअर्नी यांनी आक्षेप घेतला: अमेरिकेतल्या आदिवासी विद्यार्थ्याला हे म्हणजे आपली संस्कृती सोडायला सांगणं झालं. पुढे टिंटोंनीही मान्य केलं की, अनेकांना टिकून राहायला घर, समाज यांच्याशी नातं लागतंच. सुरगाणा-पेठच्या आदिवासी पोराला एसटीनं आलेला नागलीच्या भाकरीचा डबा मिळतो, तेव्हा तो पांगळा होत नाही. आठवडा निभावतो.

राहिला फोन. रोज केला की आठवड्यातून एकदा, यानं फारसा फरक पडत नाही. बोलणं काय होतं यानं पडतो. ‘जेवलास का, कुणाशी ओळख झाली का’ या फोननं धीर येतो. ‘सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकलाय, तुझ्यावरच सगळं आहे’ हे रोज ऐकणारं पोरगं नापास झाल्याचं घरी सांगतच नाही. लपवतं, आणि तिथून खरी घसरण सुरू होते.

आता ‘लाडावलेला’. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीला मजूर मिळत नाहीत, घरून बोलावणं येतं, आणि सत्र परीक्षाही त्याच सुमारास. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, हे सांगायला घरात आधी शिकलेलं कुणी नसतं. यात लाड कुठे आले?

मुलींचं तर वेगळंच. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. तरी एक विषय राहिला की घरात ‘बस झालं शिक्षण, स्थळं बघू’ सुरू होतं. त्या भीतीनं ती कुणाला काही विचारतही नाही. प्रवेश घेतानाच तिला सांगा, विषय राहिला तरी कॉलेज सुटणार नाही. आणि मग तो शब्द पाळा.