डबल नेटवर्क असूनही ट्रेंडमध्ये गॅप का पडला, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की डबल नेटवर्क आणि दोन सर्व्हरचे पैसे मोजले तरी पाश्चरायझरच्या ट्रेंडमध्ये (नोंदींच्या आलेखात) ४० मिनिटं कोरी गेली, स्टँडबायने (राखीव सर्व्हरने) टेकओव्हर केलंच नाही, रिंग (स्विच गोलात जोडलेलं नेटवर्क) केली असती तर स्वस्तात झालं असतं, आणि वर बॅकअपचे वेगळे पैसे मागितले. गॅप पडला हे खरंय, आणि डेअरीत त्याचा अर्थ काय तो आम्हाला कळतो. ७२ डिग्रीला १५ सेकंद दूध राहिलं हे ऑडिटरला दाखवायचं असतं, तिथे कोरी जागा दिसली की सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. म्हणून काय झालं ते नीट लिहितोय.

तुमच्याकडे पीआरपी, म्हणजे दोन समांतर नेटवर्कची पद्धत, आहे. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि सर्व्हर सगळ्यांना दोन-दोन पोर्ट, ए लॅन वेगळं, बी लॅन वेगळं, प्रत्येक पॅकेट एकाच वेळी दोन्हीकडून जातं आणि पलीकडचा जे आधी पोचेल ते घेतो, मागून आलेलं टाकून देतो. त्यामुळे एक लॅन गेलं तरी थांबायची वेळच येत नाही. पण यात अट एकच, ए आणि बी मध्ये काहीही कॉमन नको, केबल ट्रे नको, स्विच नको आणि पॉवर तर अजिबातच नको. कमिशनिंगला ए स्विच कंट्रोल रूमच्या यूपीएसवर होता आणि बी लॅबच्या बाजूच्या यूपीएसवर. गॅपनंतर आमच्या इंजिनिअरने पॅनल उघडलं तर दोन्ही स्विचचे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कंट्रोल रूमच्या यूपीएसच्या एकाच बोर्डात, बी च्या वायरला ‘हलवू नये’ लिहिलेला पिवळा टॅग तसाच लटकत होता. लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलताना तात्पुरता हलवलेला प्लग तिथेच राहिला. ज्याने हलवला त्याला कृपया बोल लावू नका, चालू प्लांटमध्ये हे होतं, आणि दोन्ही लॅन जिवंत असल्यामुळे स्क्रीनवर अलार्म यायचं कारणच नव्हतं. मग तो यूपीएस ट्रिप झाला आणि ए, बी दोन्ही एकदम गेले.

आता टेकओव्हरचं. दोन्ही सर्व्हरची पॉवर वेगळी आहे आणि त्यांच्यात हार्टबीटची (‘मी चालू आहे’ हे एकमेकांना कळवणारी) थेट केबल आहे, त्यामुळे दोघंही चालू होते आणि दोघांनाही माहीत होतं की समोरचा जिवंत आहे. पीएलसी मात्र दोघांनाही दिसत नव्हता, मग स्टँडबायने चार्ज घेऊन करायचं काय? रेप्लिकेशन एका सर्व्हरकडे असलेला डेटा दुसऱ्याकडे नेतं, जो दोघांकडेही पोचलाच नाही तो कुठून आणणार. मागे विंडोज अपडेटसाठी प्रायमरी बंद होता ती तारीख ट्रेंडमध्ये लावून बघा, सलग रेघ दिसेल, कारण परत आल्यावर त्याने मधला सगळा डेटा स्टँडबायकडून भरून घेतला. नेटवर्कच गेलं तर पीएलसीच्या मेमरी कार्डवर लॉग साठवून नंतर पाठवायची सोय कोटेशनमध्ये होती, रेट बसवताना ती लाइन निघाली. ती आता घ्या असं मी मनापासून सांगेन.

दूध सुरक्षित होतं हे मात्र इथे वाचणाऱ्यांनाही कळू दे. डायव्हर्शन व्हॉल्व्हचं (कमी तापलेलं दूध मागे फिरवणाऱ्या व्हॉल्व्हचं) लॉजिक पीएलसीत आहे, स्काडाच्या (सर्व्हरवरच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या) भरवशावर नाही, आणि पॅनलवरच्या पेपरलेस रेकॉर्डरमध्ये ती ४० मिनिटं पूर्ण आहेत.

रिंगचं म्हणाल तर एमआरपी (मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल) रिंग एक जागा तुटली तरी ५० स्विचपर्यंत २०० मिलिसेकंदात सावरते, तुमच्या एका सेकंदाच्या लॉगिंगला ती पुरली असती हे मान्य. पण रिंग दोन ठिकाणी तुटली की मधला भाग गेला, आणि तुमच्याकडे एक्स्पान्शनचं वेल्डिंग, खोदकाम दोन बाजूंना चालू होतं म्हणून पीआरपी सुचवलं. तसंही एका यूपीएसवर रिंगचे स्विचही बंदच पडले असते.

बॅकअप वेगळाच लागतो साहेब. ऑपरेटरने चुकून रेसिपी डिलीट केली तर काही सेकंदांत ती दुसऱ्या सर्व्हरवरूनही जाते, रेप्लिकेशनला चूक-बरोबर कळत नाही.

येत्या सीआयपीच्या (मशीन न उघडता धुण्याच्या) वेळेत आमचा माणूस पाठवतो, त्याचं बिल येणार नाही. आधी बी चा प्लग परत लॅबच्या यूपीएसवर घेऊ, मग ए चा यूपीएस बंद करून ट्रेंड बघू, मग बी चा, मग प्रायमरी सर्व्हर. इलेक्ट्रिकल आणि क्यूए (क्वालिटी) दोघांनाही तिथे उभं करा, टेस्ट शीटवर त्यांच्याच सह्या घेऊ.