बीएमआय आणि लग्नाचा तो मेसेज
वधूवर ग्रुपांवर मेसेज फिरतोय की बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २५ च्या वर असलेल्या मुलीला मूल होत नाही, स्थळ बघायलाच जाऊ नका. हे साफ खोटंय. जास्त वजनानं काहीजणींची पाळी अनियमित होते, दिवस राहायला वेळ लागू शकतो एवढं खरं, पण २५ च्या वरच्या कितीतरी बायकांना पोरं आहेत, आपापल्या घरातच बघा की. आणि पुरुषाकडचं कारणही बरेचदा असतं, त्याचा मेसेजात शब्द नाही, मला लई राग आला याचा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, चरबी किती नि स्नायू किती ते त्यात कळतच नाही, आपल्या कोल्हापूरच्या तालमीतला पावणेसहा फुटी ९० किलोचा पैलवानसुद्धा २९ च्या वर जातो.