'साबणाचं पाणी मारा, एकही फुगा येणार नाही' हा मेसेज का चुकीचा आहे

गणपतीच्या कामांची गडबड सुरू झाली की प्रिंटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. विषय असतो अॅक्रिलिक शीटवर छापील व्हिनाइल, म्हणजे मागे गम असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, खाली हवेचे फुगे न राहता चिकटवण्याचा. मजकूर थोडक्यात असा: अ‍ॅक्रिलिक शीट थिनरने पुसा, साबणाचं पाणी भरपूर मारा, प्रिंट निघालेलं व्हिनाइल लगेच चिकटवा, फुगा राहिला तर हीटगन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र), तरी राहिला तर टाचणी. आणि शेवटी, 'एवढं करूनही फुगा आला तर हात कच्चा समजा.' कोल्हापूरच्या उद्यमनगर, राजारामपुरीत नवीन दुकान टाकलेली पोरं हे वाचून कामाला लागतात आणि महागाची शीट वाया घालवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी थिनर, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. अ‍ॅक्रिलिक काचेसारखं दिसलं तरी ते प्लास्टिक आहे. थिनर आणि अ‍ॅसिटोन त्याला खातात. लेझरने कापलेल्या किंवा तापवून वाकवलेल्या शीटच्या कडेला ताण राहिलेला असतो. तिथे थिनर लागला की केसासारख्या बारीक चिरा उमटतात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. त्या पुसून जात नाहीत. पाण्यात डिशवॉशचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर फडकं, एवढ्यावर भागतं. नवीन शीटवर मळ नसतोच, असते ती धूळ, आणि ती आपणच ओढून घेतो. वरची संरक्षक फिल्म झर्रकन सोलली की शीटवर स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं आणि आजूबाजूचा कण न् कण येऊन बसतो. फिल्म सावकाश, लागेल तेवढीच सोलावी, मागोमाग ओलसर फडकं फिरवावं, पंखा बंद ठेवावा, शटर ओढून घ्यावं.

कणाचा फुगा ओळखायला सोपा. नखाने दाबला की बसतो, बोट उचललं की परत उठतो, आणि मधोमध टोचरा ठिपका लागतो. त्यावर स्क्वीजी (हवा बाहेर सारायची सपाट पट्टी) कितीही फिरवली तरी तो जाणार नाही.

आता साबणाचं पाणी. हा सल्ला पूर्ण खोटा नाही. साधं, सपाट गमाचं व्हिनाइल मोठ्या शीटवर एकट्याने लावायचं असेल तर पाण्यामुळे ते सरकवून जागेवर आणता येतं. पण लिटरभर पाण्यात काही थेंब पुरे. 'भरपूर' साबण म्हणजे गमाची पकड घालवणं. ज्या व्हिनाइलच्या गमावर हवा निघायला बारीक जाळी असते, त्यावर तर पाणी मारूच नये. हवेच्या वाटेत पाणी अडकून बसतं. शिवाय अ‍ॅक्रिलिक पाणी लवकर शोषून बाहेर सोडत नाही. अडकलेलं पाणी फक्त कडेने किंवा व्हिनाइलमधूनच हळूहळू निघणार, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याला बरेच दिवस लागतात.

पारदर्शक शीटच्या मागून ग्राफिक लावून समोरून बघायचं काम असेल तर आणखी काळजी हवी. पुढून लावलेल्या व्हिनाइलखाली बारीक हवा राहिली तर खपून जाते. इथे गमाची बाजूच डोळ्यांसमोर असते. हवेचे सुईच्या टोकाएवढे ठिपके मिळून चंदेरी झाक दिसते, पाणी राहिलं तर दुधाळ डाग दिसतो, आणि जाळीचा गम असेल तर जाळीच दिसते. अशा कामाला सपाट गमाचं पारदर्शक व्हिनाइल घ्यावं आणि शक्यतो कोल्ड लॅमिनेटरच्या (न तापवता दाबून चिकटवणाऱ्या मशीनच्या) रोलरखालून काढावं. हातानेच करायचं तर एका कडेला मास्किंग टेप लावून बिजागरी करावी, रिलीज पेपर (गमावरचा सोलायचा कागद) थोडा थोडा मागे घेत जावा आणि फेल्ट (मऊ, जाड कापड) लावलेल्या स्क्वीजीचा प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढवावा. व्हिनाइल ओढून ताणायचं नाही.

'लगेच चिकटवा' हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्याचा परिणाम बिल दिल्यानंतर दिसतो. इको-सॉल्व्हंट शाई हाताला कोरडी लागली तरी आत सॉल्व्हंट, म्हणजे शाईतलं उडून जाणारं द्रावक, असतं. प्रिंट किमान २४ तास सैल, हवेशीर ठेवावी, घट्ट गुंडाळून नाही. नाहीतर ते सॉल्व्हंट गमात उतरतं, गम मऊ पडतो, कडा उचलतात. दुसरं, खुद्द शीटमधून वायू निघतो. अ‍ॅक्रिलिक हवेतली ओल धरतं, मुरून मुरून वजनाच्या साधारण २ टक्क्यांपर्यंत. शीट उन्हात तापली की ती ओल बाहेर पडायला बघते आणि वर व्हिनाइल असतं. मग चकाचक बसलेल्या बोर्डावर आठवड्याने गोल, सारखे, कण नसलेले फुगे उठतात. शंका असेल तर शीटच्या तुकड्यावर व्हिनाइल लावून ६५ अंशांच्या आसपास एक दिवस ठेवावं. फुगे आले तर शीट फिल्म काढून कोरड्या, उबदार जागी सुकू द्यावी आणि पुन्हा तपासावी.

हीटगन? अ‍ॅक्रिलिक १०५ अंशांच्या सुमारास मऊ पडतं आणि हीटगनचा झोत त्याच्या कितीतरी वर जातो. शीट वाकते, व्हिनाइल ताणलं जातं आणि गार झाल्यावर आक्रसून कडा सोडतं.

टाचणी पुढून लावलेल्या व्हिनाइलला चालते. फुग्याच्या मधोमध टोचू नये, कडेला तिरपी टोचावी आणि समोरच्या बाजूने हवा भोकाकडे ढकलावी. मागून लावलेल्या कामात ते भोक, विशेषतः मागे लाइट असेल तर, कायम दिसतं.

राहिला 'कच्चा हात'. आठवड्याने उठलेला फुगा शीटचा, शाईचा किंवा घाईने दिलेल्या तारखेचा असतो. त्यासाठी पेस्टिंग करणाऱ्या पोराची मजुरी कापणं चूक आहे, आणि आपल्या लाइनीत ती सर्रास कापली जाते.