दाजी, तळ्यात मोरचूद टाकू नका

'गोड्या पाण्यातला लॉबस्टर! कसलंही पाणी चालतं, सहा महिन्यांत लखपती!' हा मेसेज पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसलो. परवा तोच शिरूरहून दाजींनी पाठवला, खाली एक ओळ जोडून: "बियाण्याचा ॲडव्हान्स देऊ का?"

हा लॉबस्टर म्हणजे ऑस्ट्रेलियातला रेडक्लॉ क्रेफिश, कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला; 'बियाणं' म्हणजे त्याची पिल्लं, शेततळ्यात सोडून वाढवायची. 'कसलंही पाणी' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) माहितीपत्रकात लिहिलंय की लिटरमागे १ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन असला तरी तो तग धरतो, सामू (पीएच) ६.५ ते ९ चालतो. पण तग धरतो! त्याच पत्रकात वाढीसाठी पाणी २३ ते ३१ अंश हवं असंही आहे. पौषात पहाटे मोटार चालू करायला दाजी कानटोपी घालून जातात. त्या थंडीत प्राणी जगेल, वजन धरणार नाही.

मेसेज पुढे म्हणतो, 'ऑक्सिजन कमी पडला तर काठावर येऊन श्वास घेतो, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नको.' येतो ना, जीव गुदमरतो म्हणून येतो. आणि काठ कुठला? दाजींच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद, उभा उतार. त्यात पडलेलं मांजर बाहेर काढायला आम्हाला दोर बांधून क्रेट सोडावं लागलं होतं.

'शेवाळ आलं तर मोरचूद टाका, पाणी काचेसारखं.' इथे माझं डोकं फिरलं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षवाल्यांच्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं तांबं. क्रेफिशच्या रक्तातही तांबं असतं, म्हणून ते निळसर दिसतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याचे कल्ले खातं, आणि पाणी जितकं मऊ, म्हणजे चुना कमी असलेलं, तितकं ते जहाल. दाजींचं तळं पावसाच्या पाण्याचं, खाली मातीही नाही. दिवाळीत मी फिशटँकचं किट घेऊन गेलो होतो. सकाळी सातला सामू ७.८, संध्याकाळी पाचला ९.३. पत्रकातल्या सहनशक्तीच्याही बाहेर! शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि तो चढउतार पेलायला पाण्यात चुनाच नाही. त्यात मोरचूद पडलं की शेवाळ एकदम मरणार, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाणार, आणि सकाळी सगळा माल उताणा.

वर म्हणे 'चुना-कॅल्शियम हा कंपन्यांचा धंदा'. कात टाकण्याआधी हा प्राणी जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम पोटात दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो. बाकीचं बरंचसं पाण्यातून घेतो. तिथे नसेल तर नवं कवच लवकर टणक होत नाही, आणि मऊ सापडलेल्याला भाऊबंदच खातात.

'फवारणीचं पाणी आलं तरी फरक नाही.' क्रेफिश किड्यांचा लांबचा भाऊ आहे. सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाला ते नातं बरोबर कळतं.

'परवानगी लागत नाही.' लागते. परदेशी जलचर असे आणता येत नाहीत. थाई मागूर या परदेशी माशावर २००० पासून बंदी आहे ती उगाच नाही. तळं ओसंडलं की ओढा, ओढ्यातून घोड नदी, घोडेतून भीमा.

एवढं सगळं फोनवर सांगितलं. दाजी थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "ॲडव्हान्स नाही देत. पण पाच किलो मोरचूद आणून ठेवलंय, त्याचं काय करू?"

"डाळिंबाला वापरा."