बाटलीचं गाव कोणतं?

फ्रेंच रेड वाइनच्या बाटलीवर सगळं छापलेलं असतं, फक्त आत काय आहे ते सोडून. द्राक्षाची जात नामांकित बाटल्या सहसा सांगत नाहीत, गाव सांगतात. आपल्याकडे चिपळूणकर म्हटलं की गाव कळतं, माणूस कसा निघेल ते आपलं आपण बघायचं, तशातली गत. ‘पोमार’ लिहिलंय म्हणजे बर्गंडी प्रांत, आणि बर्गंडीची लाल म्हणजे बहुतेक पिनो न्वार द्राक्ष, हे तुम्हाला आजीने शिकवलेलं असणार असं बाटली धरूनच चालते. माझ्या आजीकडे द्राक्षासव होतं. तेही अशक्तपणासाठी.

पण फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहायचं तर सुटका नाही. या शहराला तीन नद्या म्हणे: ऱ्होन, सोन आणि बोजोले. तिसरी अर्थात वाइनची.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आधी बोर्दो पाजली. बोर्दो प्रदेशातल्या मेदोकची, कॅबरने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त असलेली. तिथल्या शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, प्रतवारी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ठरली. पुढे दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत गेली ती एकटी मुतों रोथशिल्ड, 1973 मध्ये. बढतीला 118 वर्षं! आम्ही अर्थातच त्या यादीच्या बरंच खाली पीत होतो.

“ग्लास फिरवा,” तो म्हणाला. फिरवला. थोडी शर्टावर गेली. “आता नाक आत घाला. काय येतंय? काळी करवंदं? चामडं? पेन्सिलीचा भुगा?” (करवंदं माझी, तो कासिस, म्हणजे ब्लॅककरंट, म्हणाला होता.) मला द्राक्षांचा वास येत होता, पण तसं सांगायची सोय नव्हती. “पेन्सिल,” मी म्हटलं, “एचबी.” तो खूश झाला.

खरी परीक्षा घरी झाली. तीच बाटली आणि वांग्याचं भरीत. कोवळ्या बोर्दोत टॅनिन भरपूर. जास्त उकळलेला कोरा चहा जीभ धरतो, तो याच्यामुळेच. त्यात हिरवी मिरची. टॅनिन आणि अल्कोहोल दोघं मिळून मिरचीला असं काही चढवतात की मी आणि बायको बराच वेळ नुसते एकमेकांकडे बघत होतो. बोलायला जीभ लागते.

मग दुकानदाराने गामे द्राक्षाची वाइन दिली. बोजोलेची, टॅनिन कमी, किंचित गार करून प्यायची. या बिचाऱ्या द्राक्षाला 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने बेइमान ठरवून वेली उपटायचं फर्मान काढलं होतं. ड्यूकच्या ताटात भरीत नव्हतं, एवढंच म्हणेन. गामे भरताशी भांडली नाही. उलट दुसऱ्या घोटाला मिरची जरा मऊ वाटायला लागली आणि मी तिसरी भाकरी मागितली.

बायकोने ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. आता ती व्हायोलेटची फुलं वगैरे म्हणणार, म्हणून मीही सरसावून बसलो.

“लसूण,” ती म्हणाली. “हात धुऊन ये आधी.”